गणूतात्यांचं स्वतंत्र बेसबाल मंडळ

गणूतात्यांच्या दारात पाऊल टाकलं की आधी अंगावर कांदा यायचा. 'या, बसा' नंतर. कांदा झेललात तर चहा, नाही झेललात तर नुसतं पाणी, आणि वर "हातात जीवच नाय तुज्या" हा शेरा. एकदा खुद्द मामलेदारांच्या छातीवर कांदा बसला. मामलेदार अवाक, त्यांचा पट्टेवाला अवाक, आणि तात्या थंडपणे म्हणाले, "दचकाया काय झाला, रावसाहेब? कांदाच हाय."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. आधी माणसाचा जीव अर्धा करायचा आणि मग त्यालाच विचारायचं, दचकाया काय झाला?

शहापुरात त्यांची गवताची वखार होती आणि वखारीसमोर माझं शिवणकामाचं दुकान. मी मुळातच भित्रा. अशा माणसासमोर दुकान थाटायची बुद्धी मला कुठून झाली कोण जाणे! लढाईचे दिवस होते. तात्यांच्या गवताच्या गाड्या कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जायच्या, खेचरांच्या चाऱ्यासाठी. तिथे त्यांनी अमेरिकन सोल्जरांना एक खेळ खेळताना पाहिलं. संध्याकाळी आले ते लाल दोऱ्याने शिवलेला एक पांढरा चेंडू घेऊन.

"याला बेसबाल म्हन्तात," ते म्हणाले. "आपन शहापुराची टीम काढू. तू हातमोजे शिव."

माझ्या हातातली सुई खाली पडली. शहापुरात तोवर विटीदांडूच्या पलीकडे कोणाची मजल गेली नव्हती.

माणसं निवडायची त्यांची रीत ऐका. पावसाळ्याआधी घराघरांची कौलं चाळतात, तेव्हा खालचा गडी कौल वर फेकतो आणि आढ्यावरचा ते अलगद झेलतो. तात्या वैशाखभर गावातल्या घरांखाली माना वर करून उभे राहिले. "ज्याच्या हातून कौल निसटत नाय, त्याच्या हातून बाल कसा निसटंल?" अशी आठ माणसं जमली. नववा मी, कारण गोणपाटात पेंढा भरून मोजे मीच शिवले होते आणि ते फाटले तर शिवणारा जवळ हवा.

बॅटीसाठी त्यांनी माझ्या आईचं मुसळ मागून नेलं. दुसऱ्या दिवशी परत आणलं ते दोन तुकड्यांत. आई किंचाळलीच. तात्या म्हणाले, "वयनी, एकाची दोन करून दिली, दचकाया काय झाला?" एक तुकडा त्यांनी तासून नेला आणि दुसरा आईने बरेच दिवस दाराशी ठेवला होता, ते पुन्हा आले तर हाणायला.

मैदान म्हणजे भात कापल्यावरचं मोकळं खाचर. चार कोपऱ्यांना चार गवताच्या पेंढ्या ठेवायच्या, ती ठाणी. चेंडू टोलवला की एकेक ठाणं गाठत फेरी पुरी करायची. एकदा मी जिवाच्या आकांताने पळत दुसऱ्या ठाण्यापर्यंत पोचलो, तर तिथे बैल. ठाणं त्याच्या तोंडात. मी बाद की नाबाद यावर भांडण जुंपलं. तात्यांनी शेवटी बैलाला बाद ठरवलं.

मग वखारीवर पाटी लागली, 'शहापूर स्वतंत्र बेसबाल मंडळ'. दिवस कसले, आणि पाटीवर शब्द कसला! तिसऱ्या प्रहरी हवालदार हजर. 

"स्वतंत्र म्हंजे? कोनापासून स्वतंत्र?" हवालदाराने दरडावलं.

"तालमीपासून," तात्या म्हणाले. "ते नारळ मागतात दर शनवारी." आणि कांदा फेकला. हवालदाराने तो झेलला. चहा पिऊन गेला बिचारा. मंडळ मात्र पुढे एकच सामना खेळलं, आणि तो कसा हे सांगायलाच मी बसलोय.

वाशिंदच्या पोरांनी आव्हान दिलं, तात्या म्हणाले नाय. डोळखांबचे लोक येतो म्हणाले, तरी नाय. "पयला सामना मुरबाडला."

"तात्या, मुरबाडला टीमच नाही!"

"मंग जा न् काढ. खेळ शिकव त्यांना."

मी तोंडाचा आ वासला. पण मुरबाड का, हे आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. तात्यांची एकुलती एक लेक सुमी मुरबाडला दिली होती. सुमीची आई नव्हती. सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे सुमीला माहेरी येता येत नसे. आणि तात्यांना जाता येत नसे, कारण लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही ही जुनी रीत, आणि सुमीला मूल नव्हतं. एकदा गेले होते. ओसरीवर बसले आणि पाण्याचा तांब्या परत केला. व्याही संतापले, "आमच्या घरचा घोट चालत नाय, तर येता कशाला?" तात्या उठून आले ते पुन्हा गेले नाहीत. लेक डोळ्यांना दिसून दोन वर्षं झाली होती.

मी किन्हवली-सरळगावच्या वाटेने बैलगाडीने खेपा घातल्या. सुमीच्या नवऱ्याला, वामनला, खेळ शिकवला आणि त्याने गडी जमवले. दर खेपेला तात्या माझ्यासोबत सुमीसाठी तांदूळ-डाळ धाडायचे. परत आलो की मी उत्साहाने सांगायला लागे, वामन चेंडू असा फेकतो, तसा फेकतो.

"ते ऱ्हाव दे. सुमी दिसली का? वाळली का रे?"

सामना ठरला तेव्हा तात्यांनी नियम सांगितला. यजमानांनी पाहुण्या संघाला मैदानातच जेवू घालायचं. "अमेरिकेचा कायदाच हाय तसा." आम्ही मान डोलावली. आम्हाला अमेरिका कुठे माहीत होती!

मुरबाडला नदीकाठच्या खाचरात सामना झाला. सगळा गाव आ वासून बघत होता. जेवणाची वेळ झाली तेव्हा शेवटचा डाव बाकी होता आणि आम्ही दोन धावांनी पुढे होतो. मला तर हर्षवायू व्हायचा बाकी होता.

मोहाच्या झाडाखाली पंगत बसली. सुमी वाढायला आली. वरणभात वाढला, आम्ही तुटून पडलो, आणि माझं लक्ष तात्यांकडे गेलं. हात मांडीवर. नजर पत्रावळीवर. जागा मैदानाची खरी, पण अन्न तर व्याह्यांच्याच चुलीवरचं, हे त्यांना तेव्हा सुचलं असावं. मागे व्याही उभे होते, हाताची घडी घालून. जगाला दचकवणारा माणूस पांढराफटक पडला होता. आता हा उठला तर बापलेकीची भेट कायमची संपली, या विचाराने मी हातातला घास पत्रावळीवर ठेवला.

सुमी त्यांच्यासमोर बसली.

"तात्या, चूल हितंच मांडलीय. तीन दगडांची, सकाळपासून. पानी नदीचा हाय. तांदूळ-डाळ तुमीच धाडलेली, मी त्यातला दाना खर्चला नवता. घरचा काय नाय. जेवा."

मी थक्क झालो. आम्ही ज्याला अमेरिकेचा कायदा समजलो, तो लेकीच्या हातचं जेवायचा बापाचा बहाणा आहे हे तिने ऐकताक्षणी ओळखलं होतं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

तात्या जेवू लागले. हळू, एकेक घास. तेवढ्यात वामन बॅट घेऊन आला.

"तात्या, उठा. शेवटचा डाव ऱ्हायलाय, ऊन उतरतंय."

आम्ही हात धुवायला उठलो. तात्यांनी मान वर केली नाही.

"तुमी जिंकलात, जावयबापू."

आम्ही नऊजण एकदम ओरडलो, "तात्या! दोन धावांनी पुढे आहोत आपण!"

"असू द्या," ते म्हणाले, आणि पत्रावळ पुढे सरकवली. "वाढ गो, सुमे."