तीर्थरूपांचे पाढे सोडविल्याची हकीकत

समस्त तारा, खटके आणि खोबणी यांचे स्मरण करून, आणि ज्यांचा प्लग पहिल्याच दणक्यात बसतो त्या भाग्यवंतांस मुजरा करून, ही हकीकत लिहितों. वाचणाराने मोबाइल दूर ठेवावा, कारण येथील सकळ अनर्थ त्याच्याच पायी जाहला.

हकीकत ऐसी जे, कैलासवासी बाबासाहेबांनी हयातीत एक घरगुती संगणक राखिला होता. नुसता कीबोर्डच तो. टीव्ही जोडावा तेव्हा त्यास तोंड फुटे, आणि टेपरेकॉर्डर जोडून कॅसेट वाजवावी तेव्हा अक्कल येई. त्यावर बाबासाहेबांनी लेकरांस पाढे विचारणारा प्रोग्राम स्वहस्ते रचिला आणि एका कॅसेटीत बंद केला. पुढें बाबासाहेब निवर्तले. त्यांचे शब्द म्हणावे ते तेवढे त्या एका कॅसेटीत उरले, आणि तिची फीत तर झडों लागली. तेव्हा थोरले चिरंजीव दादासाहेब, मोठ्या कचेरीचे हिशेबनीस, आणि धाकटी ताईसाहेब यांची जेवणाच्या टेबलावर मसलत जाहली की, कॅसेट एकवार वाजवून, प्रोग्राम ज्या किंचाळीच्या रूपाने तीत भरला होता ती मोबाइलात धरावी, आणि मग मोबाइलासच टेपरेकॉर्डरचे जागी उभे करावे.

किंचाळी धरली, आणि त्याच क्षणी फीत रिळांत गुंतून तुटली. आता मागे फिरणे नाही. मोबाइलातून तार संगणकास जोडली आणि आवाज पुरता चढविला. तेव्हा दूरदृष्टीने दादासाहेबांनी घरच्या ग्रुपवर फर्मान सोडिले की, "बाबांचा प्रोग्राम लोड करतोय. अर्धा तास कुणीही मेसेज करू नका."

मग पडद्यावर रंगीत पट्टे धावों लागले, आणि फत्ते हाताशी आली, इतक्यात टिंग. काकासाहेबांचे उत्तर आले, "बरं." तो टिंग किंचाळीत मिसळला आणि संगणकाने हत्यार टाकिले. पुन्हा चढाई केली, तो मावशीसाहेब, "ओके, नाही करत." तिसरे वेळी मावसबंधूंचा अंगठा. चौथे वेळी आत्याबाईसाहेब स्वतः चालून आल्या, "तो एवढं सांगतोय, तरी कोण मेसेज करतंय?" दादासाहेबांनी संतापें लिहिले, "गप्प बसा सगळे!" त्यावर सगळ्यांनी निरनिराळी माफी मागितली, आणि प्रत्येक माफीस टिंग होता.

दादासाहेब डोके धरून बसले. ताईसाहेबांनी चहाचा पेला खाली ठेविला आणि हुकूम केला की, "अरे दादा, फ्लाइट मोडवर टाक ना तो!" ऐसी युक्ती हिशेबनिसांस का सुचली नाही, याचा शोध आजवर लागला नाही.

मग पाचवे चढाईस एकही टिंग आडवा आला नाही. पट्टे धावले, थांबले, आणि पडद्याने नाव विचारिले. दादासाहेबांनी लिहिले. मग सतरा आठे किती ऐसा सवाल आला, आणि दादासाहेबांनी मिशीवर ताव देत उत्तर दिले, ते साफ चुकले. त्या यंत्रास मराठी लिपी ठाऊक नव्हती, तरी इंग्रजी अक्षरांत चोख मराठी उमटले की, "गाढवा, नीट आठव. मी इथंच बसलोय."

ताईसाहेब हसतां हसतां रडों लागल्या. येणेंप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, आणि दादासाहेबांस गाढव हा किताब पुनश्च बहाल जाहला. तो त्यांनी डोळे पुसोन शिरसावंद्य केला, आणि मग, बरोबर उत्तर ठाऊक असतां, पुन्हा चुकीचेच लिहिले.