लातूरचा नळ आणि आमचे अण्णा

माझे सासरे घरी आलेल्या पाहुण्याला पाणी देण्याआधी विचारतात, "किती प्याल?" पूर्ण पेला, अर्धा की घोटभर, हे आधी ठरलं पाहिजे. मी मुलगी बघायला लातूरला गेलो तेव्हा रुबाबात "पूर्ण" म्हणालो, आणि चहा यायचाय म्हणून पेला अर्ध्यावरच खाली ठेवला. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग पेल्याकडे बघितलं, आणि उरलेलं पाणी तुळशीला घालून आले. "पोरगं शिकलेलं हाय, पण अंदाज न्हाई," या एका मुद्द्यावर लग्न मोडता मोडता राहिलं, हे मला सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पुढे सांगितलं.

लातूरकरांच्या पाण्यावर मी नांदेडच्या माणसानं बोलू नये. आमच्या उशाला गंगा आहे. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. अण्णांच्या गल्लीत नळ आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी येतो. लग्न, बारसं, दवाखाना, सगळं तो दिवस चुकवून करायचं. आणि पाण्याबद्दल त्यांचा शब्द एकच, "बेतानं." आमच्या लग्नात हात धुवायच्या पिंपापाशी ते स्वतः तांब्या घेऊन उभे होते आणि वऱ्हाडातल्या एकेकाच्या हातावर मोजकी धार सोडत होते. आमच्याकडच्या लोकांना वाटलं, काय नम्र व्याही मिळालाय.

सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून सुनंदानं एकच धोशा लावलाय, अण्णांनी चार दिवस तरी आमच्याकडे राहावं. अण्णा येतात, नातीला खाऊ देतात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पिशवी उचलतात. "नळ यायचाय." यावर बोलायला जागाच नाही. लेकीच्या घरी बापानं फार दिवस जेवू नये ही जुनी रीतही त्यांच्या मनात असेल, पण पुढे करायचे ते नळालाच.

परवाच्या रविवारी सुनंदानं ठरवलं, या वेळी त्यांना गंगेवर न्यायचं. मन रमलं तर राहतील. धपाटे, दही आणि डबाभर सुशीला, म्हणजे फोडणीचे भिजवलेले चुरमुरे, घेऊन आम्ही घाटावर गेलो. रविवारी तिथं बाजारच भरतो. भेळ, उसाचा रस, बांगड्या, पिपाण्या, आणि वाळूत उधळलेली पोरं. आमची सहा वर्षांची ओवी काठाच्या उथळ पाण्यात उभी राहून दोन्ही हातांनी पाणी उडवायला लागली, तसे अण्णा काठावरून म्हणाले, "ए पोरी, सांडू नको. बेतानं."

शेजारी कपडे पिळणारी बाई हसली. "बाबा, नदी हाय ती."

"हाय म्हणून काय झालं? पुढं धर्माबादवाल्यांना लागतंय की."

मग बाजार. ओवीला पिपाणी झाली, सुनंदाला बांगड्या झाल्या, आणि अण्णा एका दुकानापुढे थांबले ते थांबलेच. निळा, झाकणाचा ड्रम. त्यांनी तो उलटा केला, टिचक्या मारल्या, आत डोकं घालून तळ बघितला.

"काका, ड्रम बघून राहिले का पोरगी?" दुकानदारानं विचारलं.

"पोरगी एकदाच बघायची असती," अण्णा डोकं बाहेर काढून म्हणाले. "ड्रम रोज बघावा लागतो." आणि झाकण ढिलं आहे म्हणून तो परत ठेवला.

तीन वाजता आम्ही वाळूत बसून भेळ खाल्ली. शेवटचा घास घेत अण्णा म्हणाले, "चला, चारची गाडी हाय. नळ यायचाय." सुनंदाचा चेहरा उतरला. एरवी मला हसू आलं असतं, पण त्या दिवशी त्यांचा रागच आला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांचे हात चिंचेच्या पाण्यानं भरलेले, म्हणून सुनंदानं उचलला आणि स्पीकर लावला. लातूरच्या शेजारीण कमळाबाई बोलत होत्या. "अण्णा, सकाळी सांगायचं राहिलं बघा. नळ आला, तुमचे दोन्ही ड्रम भरले, एवढंच म्हणलं तवा फोनवर. झाकणं बी लावलीत. आता बिनघोर राहा लेकीपाशी."

सुनंदानं फोन तसाच धरून ठेवला. "अण्णा, नळ येऊन गेला हे सकाळीच माहीत होतं तुम्हाला?"

अण्णांनी भेळेचा कागद चुरगळला. मग हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या घरी तोटी पिळली की पाणी येतंय. भांड्याला बाई हाय. मी काय करू दिवसभर? तिकडं नळाच्या दिवशी गल्ली मला हाका मारती. कुणाचा पाइप निसटला की मलाच बोलवतेत. इथं रिकामा बाप किती दिवस दारात बसवशील?"

मला माझीच लाज वाटली. दहा वर्षं मी ऑफिसात या नळाचे किस्से सांगत आलो होतो. ड्रम भरल्यावर पुढचे सात दिवस हा माणूस एकट्यानं कसे काढतो, हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

सुनंदाचं नांदेडचं बोलणं गळून पडलं आणि ती तिच्या लातूरच्या बोलीत बोलायला लागली. "आई होती तवर रोज सकाळी फोन करायची, उठलीस का म्हणून. आता मला कुणीच इचारत न्हाई. तुम्ही नुसतं वट्यापाशी बसा आन् तेवढं इचारा. मला बी लई एकटं वाटतंय, अण्णा."

अण्णांनी रुमालानं हात पुसले. स्वच्छ झालेले हात पुन्हा पुसले. फोनमध्ये कमळाबाईंचं "हॅलो, हॅलो" चालूच होतं. अण्णांनी फोन घेतला.

"कमळाबाई, पुढचा नळ कधी?"

"आता आठ दिवसांनी की."

अण्णांनी लेकीकडे बघितलं. "मग तवा बी पाणी तुम्हीच भरा," ते म्हणाले.