ओल्या काचेवरचे ठसे

सातारा ते सांगली एवढ्या टापूत लोकांची झोप उडवणारा माणूस एकच, सुभेदार उदयसिंह, असं ते स्वतः सांगत. त्यांच्या पत्नी संयोगिताबाईंना हे मान्य होतं. त्यांचं घोरणं त्याच तीस वर्षं ऐकत होत्या. सैन्यातली बावीस वर्षं सुभेदारांनी स्टोअरमध्ये ब्लँकेटं मोजण्यात काढली. ज्याच्या नजरेतून ब्लँकेट सुटत नाही त्याच्या नजरेतून गुन्हेगार काय सुटणार, या हिशेबाने निवृत्तीनंतर त्यांनी गुप्तहेरगिरी सुरू केली. आजवर सहा प्रकरणं झाली होती. चार आपोआप सुटली, एक दुसऱ्याने सोडवलं आणि सहावं, डाव्या चपलेचं, त्याबद्दल घरात बोलायला बंदी होती.

सातवं प्रकरण डिसेंबरात, अजिंक्यताऱ्यावरून गार वारं उतरायला लागलं तेव्हा, थेट त्यांच्या झोपायच्या खोलीत घडलं. रोज सकाळी खिडकीची काच ओली. पाणी ओघळून चौकटीत डबकं साचलेलं, खाली भिंतीचा रंग फुगलेला, आणि पलटणीच्या फोटोतले मागच्या रांगेतले तीन जवान बुरशीखाली गडप.

सुभेदारांनी वही उघडली. काच बाहेरून कोरडी, आतून ओली. म्हणजे गुन्हेगार आतला. किंवा बाहेरचा असून आतला असल्याचं भासवणारा. दोन्ही शक्यता लिहून त्यांनी दोन्हींखाली रेघ मारली. मग काचेवर बोट फिरवून पाणी चाखलं.

"खारट नाही," ते म्हणाले. "म्हणजे अश्रू नव्हेत."

"रडायचं कारण मला आहे, खिडकीला कशाला असेल?" संयोगिताबाई म्हणाल्या आणि फडकं पिळायला गेल्या.

थोड्याच वेळात काचेवर बोटाचे ठसे सापडले. सुभेदार हरखले. शाईच्या पॅडवर घरातल्या सर्वांचे, म्हणजे दोघांचे, ठसे घेतले गेले. अर्धा तास भिंगातून पाहिल्यावर काचेवरचे ठसे खुद्द सुभेदारांचे निघाले. पुरावा दिशाभूल करण्यासाठी पेरलेला आहे, अशी त्यांनी वहीत नोंद केली.

मग नजर वळली समोरच्या घराकडे. तिथे विष्णुपंत, भूगोलाचे निवृत्त मास्तर, आणि त्यांच्या पत्नी उमाताई राहत. त्यांची खिडकी बरोबर समोर, थंडी तीच, वारं तेच, तरी तिची काच रोज कोरडी. आपलं पाणी दुसऱ्याकडे पाठवल्याशिवाय हे कसं जमावं?

हेतूही होता. वीस वर्षं हे दोघे रोज पहाटे साडेपाचला अजिंक्यतारा चढत. विष्णुपंत आपल्या खिडकीतून हाक मारत, "चला का, सुभेदार?" आणि ती हाक ऐकू यावी म्हणून सुभेदारांची खिडकी बारा महिने चार बोटं उघडी असे. यंदा दिवाळीच्या फराळाला बारा माणसं बसलेली असताना विष्णुपंतांनी डाव्या चपलेचं प्रकरण सांगितलं: सुभेदारांनी चोर एका पायाचा असल्याचं सिद्ध करून गल्लीभर शोध कसा घेतला, आणि चप्पल विष्णुपंतांच्याच कुत्र्याखाली कशी निघाली. बाराच्या बारा माणसं हसली. सुभेदारांनी मोजली होती. त्या संध्याकाळी त्यांनी खिडकी लावून कडी घातली. दोन घरांमध्ये बांधलेली कपडे वाळत घालायची सामाईक दोरी सोडून आणली आणि झोपायच्या खोलीत बांधली. तेव्हापासून हाक बंद, गड बंद, बोलणं बंद.

आता विष्णुपंत रविवारी मुलाकडे सांगलीला, विश्रामबागला निघाले होते. तिथे करमलं तर कायमचे. संयोगिताबाईंनी ही बातमी नवऱ्याच्या कानावर तीनदा घातली. सुभेदारांनी वहीत लिहिलं, 'संशयित पळून जाण्याच्या तयारीत.' लिहिताना पेन जरा अडलं. त्यांनी दोष शाईला दिला.

गुरुवारी त्यांनी खिडकीच्या फटींत वर्तमानपत्रं कोंबून वरून चिकटपट्टी मारली. पाळतीवर बसायचं तर ऊब हवी, म्हणून आंघोळीनंतर बाथरूमचं दार उघडं ठेवून गिझरची सगळी वाफ खोलीत घेतली. शुक्रवारी पाणी दुप्पट झालं.

"शत्रूने पुरवठा वाढवला," ते समाधानाने म्हणाले.

शनिवारी सकाळी ते कोटाची बटणं लावून विष्णुपंतांना जाब विचारायला निघाले, तेवढ्यात मनुबाई झाडायला आल्या. त्या दोन्ही घरी कामाला होत्या. खोलीत शिरताच दोरीवरच्या ओल्या स्वेटरचा थेंब त्यांच्या मानेवर पडला. त्यांनी दोरीकडे बघितलं, बाथरूमकडे बघितलं, चिकटपट्टीकडे बघितलं.

"साहेब, ही कापडं हितं कवापासनं वाळत घालताय?"

"दिवाळीपासून."

"आन् खिडकी?"

"तीही दिवाळीपासूनच बंद."

"मग आनी काय व्हनार? भाताच्या पातेल्यावर झाकण टाकलं की झाकणाला पानी सुटतंय. तुमी आख्ख्या खोलीवर झाकण टाकलंय."

सुभेदारांनी शेवटचा हुकमी पुरावा काढला. मग मास्तरांची काच कोरडी कशी?

"त्यांनी लावलीच न्हाई," मनुबाई केर गोळा करत म्हणाल्या. "चार बोटं उघडीच हाय. उमाताई म्हंत्यात, गारठा येतोय, लावू का. मास्तर लावू देत न्हाईत. साडेपाचला उठून तितं नुसतं हुबं ऱ्हात्यात."

सुभेदारांनी कोटाची बटणं एकेक करून काढली. टोमणा मारायची अशी संधी संयोगिताबाईंनी तीस वर्षांत पहिल्यांदाच सोडली. मग सुभेदारांनी चिकटपट्टी उपसली, वर्तमानपत्रं काढली, आणि बोटं लावून मोजून खिडकी चार बोटं उघडली. दोरी खांद्यावर टाकून ते बाहेर आले. समोरच्या भिंतीतला हूक होता तिथेच होता. गाठ मारतात तोच विष्णुपंत बाहेर आले.

"ओढा जरा," ते म्हणाले. "ढिली आहे."

सुभेदारांनी ओढली. "ते चपलेचं पुन्हा कुणाला सांगितलंत तर बघा."

"सांगितलं की. सूनबाईला, फोनवर. फार हसली."

"तेरा झाली," सुभेदार म्हणाले. त्यांनी दोरी पुन्हा एकदा ओढून बघितली. "उद्या निघताय म्हणे."

"संध्याकाळी. पण तिकडं चढायला जिना तेवढा आहे, कितीसा करमणार? महिन्यात परत येतोय." विष्णुपंतांनी गाठ चाचपली. "उद्याची सकाळ मोकळी आहे."

रविवारी संयोगिताबाई फडकं घेऊन खोलीत आल्या तर काचेच्या तळाशी दव फक्त बोटभर. पलंग रिकामा होता आणि टेबलावर वही उघडी होती:

'प्रकरण सातवे. आरोपी सापडला. ठसे पहिल्याच दिवशी जुळले होते. आरोपी सध्या अजिंक्यताऱ्यावर फिरायला गेला आहे.'