बिनवायरची करवत

"पाटील, तुमी एक फळी सरळ कापून दाखवा, ही मिशी उतरवून टाकीन! काळूराम न्हाव्याकडं बसून, समद्या गावासमोर उतरवीन!"

एवढं बोलून सावळाराम सुताराने कानावरची पेन्सिल खिशात घातली, रंधा-करवत पिशवीत कोंबली आणि तो धनेश पाटलाच्या अर्ध्या फोडलेल्या स्वयंपाकघरातून तरातरा निघून गेला.

आता सावळारामची मिशी म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं. अख्ख्या कोन गावात तशी दुसरी नव्हती. टोकं वर वळवलेली, तेल पाजलेली, आणि कोणाच्याही हळदीत नाचताना नवरदेवाआधी व्हिडिओवाला तिचा फोटो घ्यायचा. तिची पैज लावायची म्हणजे माणूस किती पेटला असेल, बघा.

आणि त्याला पेटवला होता धनेशनेच. धनेशच्या वाडवडिलांची भातशेती कल्याण-भिवंडी रस्त्याला लागून. तिथे गोदामं उभी राहिली, भाडं घरबसल्या येऊ लागलं आणि धनेशच्या हातांना काही कामच उरलं नाही. रिकामा माणूस करणार काय? दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणार. सकाळपासून तो सावळारामच्या डोक्यावर उभा होता. रेघ वाकडी गेली म्हणे, करवत अशी धरतात काय म्हणे. शेवटी "आण इकडं, त्यात काय एवढं हाय!" असं म्हणाला आणि तिथेच ठिणगी पडली.

"झालं समाधान?" त्याची बायको रुचिका कमरेवर हात ठेवून दारात उभी होती. "महिना झाला पडवीत स्टोव्हवर रांधतेय. शेजारच्या शेळ्या परातीत तोंड घालतायत. दिवाळी आली. रविवारी माझी आय अकलोलीवरून फराळ करायला येतेय. चकल्या काय शेळ्यांच्या मांडीला मांडी लावून तळू?"

"तू काळजी करू नको. मी स्वतः करतो किचन."

"तुम्ही?"

एवढा एकच शब्द. पण तो तिने अशा काही सुरात उच्चारला की धनेशचं माघार घेण्याचं दार कायमचं बंद झालं.

"तुम्हीच करा," रुचिका म्हणाली. "पण रविवारपर्यंत झालं न्हाय तर मी आयच्याच गाडीत बसून अकलोलीला जाते. दिवाळी तिकडंच. तुम्ही बसा शेळ्यांना फराळ घालत."

ती हसत नव्हती, हे धनेशने नीट पाहून घेतलं.

त्याचा चुलतभाऊ पंढरी हा घराण्यातला जाणकार. त्याने पूर्वी एक ट्रॅक्टर घेतला होता, तेव्हापासून यंत्र नावाच्या कुठल्याही वस्तूवर त्याचा अधिकार. तो म्हणाला, "हातकरवतीनं तुझ्या बापाला जमणार न्हाय. मशीन घे. गोल पात्याची."

"आणि लाईट? सकाळी जाते ती रात्री उगवते."

"म्हणून तर बिनवायरची घ्यायची! बॅटरीवर चालनारी. लाईट गेली खड्ड्यात."

कोन गावात गाय घ्यायची असो की गाडी, एकटादुकटा माणूस जात नाही. वस्तू बघायला चार जण लागतात, मुलगी बघायला लागतात तसे. धनेशच्या गाडीत पंढरी बसला, आणि मागे जागा रिकामी दिसली म्हणून आक्का बसली. आक्का म्हणजे धनेशची आत्या, घरात तिचा शब्द शेवटचा. तिला करवतीशी घेणं नव्हतं, भिवंडीत बांगड्या भरायच्या होत्या. पण दुकानात आल्यावर मात्र ती सगळ्यांच्या पुढे होती.

दुकानदाराने काउंटरवर तीन मशिनी मांडल्या. लहान, मधली आणि मोठी.

"ह्यांना वायर कुठं हाय?" आक्काने विचारलं.

"बिना वायर की है, अम्मा."

"आनि किंमत वायरवालीपेक्षा जास्ती? आरं, वायर काढून घेतली नि वर पैसं मागतंस?"

दुकानदार धनेशकडे वळला. "पाटील, घर का काम है ना? ये छोटीवाली ले लो. हलकी है, हाथ नहीं दुखेगा, बैटरी भी जास्ती चलेगी."

पंढरीने लहान मशीन उचलली, कलिंगड जोखावं तशी वरखाली केली आणि तोंड वाकडं करून ठेवून दिली. "वजनच न्हाय. हलकी मशीन म्हंजे हलका माल." मग त्याने मोठी उचलली. खांदा जरासा खाली आला. चेहरा उजळला. "ही! ही खरी मशीन."

"वो बड़े काम की है, बीम-वीम काटने की," दुकानदार म्हणाला. "बैटरी जल्दी खाएगी."

"आमी काय छोट्या कामाची मानसं दिसतो?" पंढरी म्हणाला.

धनेशला खरं तर लहानच आवडली होती. हातात छान बसत होती. पण आक्का मोठीकडे कौतुकाने बघत होती, आणि दुकानातली दोन गिऱ्हाइकंही बघत होती. पाटलाने लहान मशीन घेतली, हे संध्याकाळपर्यंत कोन नाक्यावर पोहोचलं असतं.

"मोठी द्या," तो म्हणाला.

"तो फिर बैटरी दो लो. एक चलेगी, एक चार्ज में रहेगी."

"दोन कशाला?" पंढरीने डोळे वटारले. "माझ्या ट्रॅक्टरला बॅटरी एक. तुझ्या गाडीला बॅटरी एक. ह्या एवढ्याशाला दोन? लुटतोय तुला!"

धनेश "घेऊ या का?" असं म्हणणार होता. पण आक्काने "चल, बांगडीवाला दुकान बंद करल," म्हणून त्याचा दंड धरला आणि विषय तिथेच संपला.

घरी आल्यावर मशीन पाटावर बसली. आक्काने तिला हळद-कुंकू लावलं, बॅटरीला लावलं आणि नारळ फोडला. मग ताडपत्रीखालच्या प्लायवूडच्या थप्पीकडे आणि किचनसाठी आणलेल्या दाराकडे तिचं लक्ष गेलं. "मशीनला लावलं, मग ह्या लाकडानं काय पाप केलंय?" असं म्हणून तिने दारावर आणि एकूण एक प्लायवर कोपऱ्यात हळदीची पाच बोटं उमटवली. तोवर अंगणात निम्मी आळी जमली होती. धनेशने फळी मांडली, छाती पुढे काढली आणि बटण दाबलं. घर्रर्र! मशीन वीतभर गेली, कण्हली आणि फळीत रुतून गप्प झाली.

"नवसाची हाय काय?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

बॅटरी चार्ज करायची होती. लाईट नव्हती. लाईट आली ती रात्री, आणि तीही आजारी माणसासारखी. बाजूच्या शेडमधले कापडाचे लूम एकदम सुरू झाले की घरातले बल्ब लाल पडायचे आणि चार्जर तर डोळाच उघडायचा नाही. लोडशेडिंगवर उपाय म्हणून आणलेली मशीन लोडशेडिंग संपायची वाट बघत पडून राहिली.

"बाहेर चार्ज कर की," पंढरी म्हणाला. "हौसाकडं जनरेटर हाय."

रस्त्यावरच्या खानावळीची मालकीण हौसा मनाने मोठी. "लाव की दादा, जनरेटर काय माझा एकटीचा हाय?" ती म्हणाली. धनेश तासभर चहा पीत बसला. बॅटरी भरली. तो उठणार तोच हौसा म्हणाली, "दादा, मशीन हायच सोबत, तर तेवढा ह्या बाकड्याचा पाय बघ ना. डुगडुगतोय."

आता जिने तासभर वीज दिली, तिला नाही कसं म्हणायचं? धनेशने एक पाय कापला. मग दुसरा कापावा लागला. मग शेजारचं बाकडं उंच दिसायला लागलं. सगळी बाकडी एका उंचीची होईपर्यंत बॅटरीने मान टाकली होती. पण जेवायला बसलेले ड्रायव्हर म्हणाले, "वा शेठ, क्या हाथ है!" आणि धनेशच्या अंगावर मूठभर मांस चढलं. असं त्याला किती वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो आपल्याच गोदामातल्या भाडेकरूकडे गेला. तिथे मोठा जनरेटर. चार्जिंग फुकट, फक्त माल ठेवायच्या लाकडी फळकुटांचे कोपरे तेवढे कापून द्यायचे होते. तिसऱ्या दिवशी गावच्या मंडपवाल्याने स्वतःच बोलावणं धाडलं. धनेश रोज सकाळी भरल्या उत्साहाने निघायचा आणि संध्याकाळी रिकामी बॅटरी घेऊन यायचा. हात मात्र बसत चालला. पातं रेघेवरून अगदी सुतासारखं जायला लागलं. गावापासून नाक्यापर्यंत सगळ्यांची लाकडं कापून झाली, घरची सोडून.

रुचिका रोज दारात उभी राहून विचारायची, "आज कुणाचं कापलं?"

"आजच्या दिवस. उद्या आपलं पक्कं!"

शुक्रवारी तिने तेही विचारलं नाही. ती बॅगेत साड्या भरायला लागली. रात्री धनेशला झोप लागेना. बायको खरंच गेली तर दिवाळीला दारात पणती कोण लावणार, आणि सासूसमोर कुठलं तोंड दाखवणार? सावळाराम मिशीला पीळ भरत हसतोय, असंच त्याला सारखं दिसत होतं.

शनिवारी सकाळी फोन वाजला. भिवंडीतून भाऊ गुरुजी बोलत होते. शाळेत त्यांनी धनेशला भूमिती शिकवली होती, म्हणजे त्यांनी शिकवली होती, धनेश शिकला होता असं नाही. त्यांच्या पत्नी अनसूयाकाकूंकडे रुचिका शिवणाच्या क्लासला जायची.

"धनेश, आम्ही इन्व्हर्टर बसवलाय. तुझ्या बॅटरीचे हाल ऐकले. ये इकडे, हवी तेवढी चार्ज कर. आणि हो, मशीनसुद्धा घेऊन ये."

"मशीन कशाला, गुरुजी?"

"अरे, थोडं काम आहे. हिची कपाटं करायची आहेत."

धनेशने कपाळावर हात मारला. पण गुरुजींना नाही म्हणण्याची हिंमत त्याच्यात तेव्हाही नव्हती, आताही नव्हती. शिवाय इन्व्हर्टर होता. काम उरकून भरलेली बॅटरी आणू आणि रात्री आपलं कापू, असा त्याने हिशेब केला.

गुरुजींच्या अंगणात प्लायची थप्पी रचलेली होती. प्रत्येक प्लायवर पेन्सिलने ठसठशीत रेघा मारून ठेवल्या होत्या. एक तयार दारही होतं, त्याच्या चारी बाजूंना रेघ. आणि कोपऱ्यात हळदीची पाच बोटं! धनेशला फार बरं वाटलं. आपण गुरुजींना उगाच नास्तिक समजत होतो, असं त्याच्या मनात आलं.

"रेघेवर रेघ जायला हवी हं," गुरुजी खुर्ची टाकून बसले. "शाळेत तुझा एकही काटकोन नव्वद अंशांचा आला नव्हता."

दिवसभर हेच चाललं. बॅटरी संपली की चार्जिंगला, तोवर काकूंचे कांदेपोहे. भरली की पुन्हा घर्रर्र. संध्याकाळी शेवटचा तुकडा पडला. काकूंनी कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "लोण्यासारखं कापलंस रे!" तेवढ्यात नवा कोरा इन्व्हर्टरही कुंई करून बंद पडला. बॅटरी रिकामी ती रिकामीच.

धनेश घरी आला आणि न जेवता झोपला.

रविवारी पहाटे उठून त्याने निदान हातकरवतीने सुरुवात करू म्हणून ताडपत्री ओढली. खाली प्लाय नव्हतेच. चार रिकामी पिंपं मांडलेली होती.

"चोरी! अगं रुचिका, चोरी झाली! आक्का! आपला सगळा प्लाय गेला!"

"वरडू नका," रुचिका पडवीत शांतपणे शेळी हाकलत म्हणाली. "येतोय."

"कोण येतोय? चोर?"

तेवढ्यात पंढरी भाड्याचा टेम्पो घेऊन अंगणात शिरला. मागे कापलेल्या प्लायची चळत, वर ते दार, आणि मधूनमधून कोपऱ्यांत हळदीची बोटं. धनेश ती बोटं बघत राहिला. हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"म्हणजे काल मी... गुरुजींकडे... आपलंच?"

"शुक्रवारी तुम्ही मंडपवाल्याकडं गेलात तेव्हा पंढरीभावजींनी टेम्पोत घातलं," रुचिका म्हणाली. "ती बॅटरी घरी येईस्तोवर जीव सोडते. मग म्हटलं, लाकूडच बॅटरीकडं धाडावं."

"मला सांगायचं तरी!"

"आपलं काम म्हटलं असतं तर तुम्ही उद्यावर ढकललं असतं. परक्याचं म्हटल्यावर पोहे खाऊन कापलंत."

इतक्यात टेम्पोच्या पुढच्या सीटवरून तोंडाला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस उतरला. ओशाळलेला, अजिबात ओळखू न येणारा.

"हा कोन रं?" आक्काने विचारलं.

"मी सावळाराम," तो माणूस गुळगुळीत ओठांवरचा टॉवेल खाली करत पुटपुटला. "रेघा म्याच मारल्या व्हत्या, वहिनींनी सांगितलं म्हून. रातच्याला समदे तुकडे गुन्या लावून काटकोनात हायेत का तपासले. कुठंतरी वाकडा सापडंल, असं लई वाटत व्हतं." त्याने रिकाम्या ओठावरून बोट फिरवलं. "एक बी सापडला न्हाय. शब्द म्हंजे शब्द. येताना काळूरामला उठवला."

धनेशने ही पैज जिंकायची आठवडाभर स्वप्नं बघितली होती. पण ती मिशी तिथे नाही हे बघून त्याला भरून आलं. "आरं, खरंच उतरवायची कशाला, सावळाराम? मी काय मागायला आलो असतो?"

"मेल्या, धा वर्सांनी लहान दिसतंस," आक्का म्हणाली, तेव्हा कुठे सावळाराम जरा हसला.

"किचन संध्याकाळच्या आत उभं करतो, पाटील. पन अट एकच. मी काम करतोय तवर तुमी आत उभं ऱ्हायचं न्हाय."

"कबूल!" धनेश म्हणाला, आणि त्याला ते अगदी मनापासून वाटत होतं.

सावळारामने आधी दार बसवलं, बिजागऱ्या ठोकल्या आणि आत गेला. धनेश पडवीत शेळ्यांच्या शेजारी बसला. आतून ठोकठोक ऐकू यायला लागली. थोडा वेळ त्याने कळ काढली. मग तो उठला, उंबऱ्याशी गेला, आत वाकला.

"सावळाराम, तो खिळा जरा..."

रुचिकाने आतून दार लावून घेतलं. धनेशने खाली वाकून बघितलं, वर टाचा उंचावून बघितलं, बाजूने गाल चौकटीला लावून बघितलं. पण दार त्याने स्वतःच्या हाताने इतकं सरळ कापलं होतं की डोळा लावायला कुठे फट सापडेना.