टाळ्या वाजवणारी इलारिया

"फेर्मिन, मी हिरव्यांच्या सभेला कधी गेले होते रे?"

दोन्या इलारिया, म्हणजे इलारियाबाई, थेट एडिटिंगच्या खोलीत शिरली, तेव्हा फेर्मिन तिच्याच खाऊच्या गाडीवरची साल्तेन्या, म्हणजे रसदार सारणाची भाजलेली करंजी, खात होता. ओरुरो गावातल्या त्या छोट्या वृत्तवाहिनीत बातमीला गर्दी कमी पडली, की हा पठ्ठ्या टाइमलाइनवर एकच जुनं दृश्य चिकटवायचा: कार्निव्हलमध्ये भाच्याचा नाच बघून मनापासून टाळ्या वाजवणारी, डोक्यावर नेहमीची टोपी घातलेली इलारिया. सोमवारी ती निळ्या पक्षाच्या सभेत दिसली, मंगळवारी हिरव्या पक्षाच्या.

"निळे म्हणतात फितूर, हिरवे म्हणतात हेर. आज एक साल्तेन्या खपली नाही. तुझ्या हातातली तेवढी!"

"दोन्या, तुमचा चेहरा आजच झाकतो," फेर्मिन ओशाळून म्हणाला.

त्याने शब्द पाळला. संध्याकाळच्या महागाईच्या बातमीत अख्ख्या गर्दीत एकच चेहरा धूसर होता.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दारात. "चेहरा झाकतात तो गुन्हेगारांचा! आता म्हणे पोलीस माझ्या मागावर आहेत! अरे, माझी टोपी गावाला ओळखू येत नाही का? शेजारीण विचारून गेली, जामीन कोण राहणार!"

प्रकरण संपादकांच्या कानावर गेलं. "तिची मुलाखत दाखव," ते फेर्मिनवर खेकसले, "नाहीतर तूसुद्धा गाडी लाव."

इलारिया नवी टोपी घालून कॅमेऱ्यासमोर बसली. "मी जन्मात एकाही सभेला गेलेले नाही," ती ठणकावून म्हणाली. मध्येच खोकली, मध्येच साल्तेन्याची जाहिरातही केली. फेर्मिनने ते सगळं कापलं. कापलं तिथे चित्र उडी मारू लागलं. बातम्या सुरू व्हायची वेळ झालेली. अशा वेळी त्याचा हात वर्षानुवर्षं जे करत आला होता, तेच त्याने केलं. त्या उडीवर गर्दीचं दृश्य टाकलं.

गावाने ऐकलं, "एकाही सभेला गेलेले नाही." आणि पाहिलं, इलारिया जीव तोडून टाळ्या वाजवतेय.

सकाळी फेर्मिन माफी मागायला गेला, तर गाडीभोवती ही झुंबड. निळेही होते, हिरवेही.

"दोन्या, माझं चुकलं..."

"माफी नंतर माग. आधी या पिशव्या धर."

"इतक्या शांतपणे धादांत खोटं बोलणारं माणूस आमच्या पक्षात नाही हो," हिरव्यांचा पुढारी हात जोडून म्हणाला. "नगरपालिकेला आमच्याकडून उभ्या राहा!"

"आमच्याकडून!" निळ्यांचा पुढारी ओरडला.

इलारियाने टोपी सारखी केली आणि फेर्मिनच्या कानाशी वाकली.

"ते टाळ्यांचं दृश्य जपून ठेव रे. माझ्या पहिल्या सभेला गर्दी लागेल."