टकळीची उसनवारी

"शनिवारी केक खायला किती मैत्रिणी येतील मग?" काकूंनी केकचं भांडं पुसत विचारलं.

"पाच!" टकळी म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. कारण या परक्या देशातल्या शाळेत तिला तीन आठवडे झाले होते आणि मैत्रिणींचा आकडा शून्याच्या पुढे काही सरकला नव्हता.

काकू म्हणजे तिला वर्षभर आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या बाई. माणूस सोन्यासारखं, पण केक करायचा तर खाणारी तोंडं मोजून अंडी फोडणार. शनिवारी पाच तोंडं हवी होती, आणि आज सोमवार.

टकळी हे तिचं घरचं नाव. घरी ती झोपेतसुद्धा बोलायची. इथे मात्र परक्या भाषेत एक वाक्य जुळवेपर्यंत समोरचा माणूस जेवून हात धुऊन यायचा. तिने घाबरून आत्याला फोन लावला. आत्याचं पार्लर होतं. अनोळखी बाईला दहा मिनिटांत सासूच्या तक्रारी सांगायला लावण्यात आत्याचा हात कोणी धरला नसता.

"अगं, सोप्पंय!" आत्या म्हणाली. मागे ड्रायर घोंगावत होता. "काहीतरी माग. रबर माग, पट्टी माग. देणाऱ्याला वाटतं, आपण किती चांगले! परत करायला गेलीस की पुन्हा बोलणं. एका रबरात दोन गप्पा!"

"पण माझ्याकडे अख्खी कंपासपेटी आहे गं."

"ती लपव, बावळट!"

टकळीने पेटी उशीखाली लपवली आणि आरशासमोर एकच वाक्य चाळीस वेळा घोकलं. मंगळवारी तिने शेजारच्या बाकावरच्या उंच मुलीला, जिला ती मनातल्या मनात शिडी म्हणायची, पट्टी मागितली. शिडी हसली. "घे की! सावकाश दे."

जमलं! दिवसभरात टकळीने आणखी तीन पट्ट्या मिळवल्या.

घोडं अडलं ते परत करताना. मागायचं वाक्य आता लोण्यासारखं घसरत होतं, पण परत करायचं वाक्य पाठच केलं नव्हतं. परत करायला गेलं की समोरची काहीतरी विचारणार, त्याला उत्तर द्यावं लागणार, मग तिचा पुढचा प्रश्न... नको गं बाई! त्यापेक्षा नवीन माणसाकडे नवीन वस्तू मागणं सोपं. बुधवारी गुण्ये आणि कोनमापकं झाली, गुरुवारी कर्कटकं. हरवायला नकोत म्हणून ती सगळं घरी नेऊन टेबलाच्या खणात ओळीने लावत होती. गुरुवारी संध्याकाळी खण बंद होईना.

"दुकान काढतेयस का?" काकूंनी विचारलं.

दुकान भरलं होतं. मैत्रीण मात्र एकही नव्हती.

शुक्रवारी गणिताचे सर वर्गात आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "भूमितीची परीक्षा. पेट्या उघडा."

पेट्या उघडल्या. "सर, माझी पट्टी नाहीये." "सर, माझं कर्कटक!" "सर, माझ्या पेटीत तर नुसती पेटीच आहे!"

"कुणाकडे आहे सगळं?"

वर्गात एकोणीस जण. अठरा माना एका दिशेला वळल्या.

टकळी उठून उभी राहिली. आता चोर म्हणून घरी पाठवणार! त्या भीतीनं तीन आठवड्यांचं बूच उडालं. "सर, मी चोर नाही! मला फक्त मागता येतं, परत करता येत नाही! म्हणजे करायचंय, पण काय बोलायचं तेच कळत नाही! सगळं घरी खणात आहे, ओळीत लावलंय! उद्या या ना, सगळे या, केक आहे!"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग रुमालाआड खोकल्यासारखं काहीतरी करून म्हणाले, "परीक्षा सोमवारी."

बाकं अशी बडवली गेली की फळ्याखालचे खडू उड्या मारू लागले. शिडीने तिला कडकडून मिठी मारली. "पुढच्या परीक्षेआधी माझी वहीसुद्धा ने गं!"

शनिवारी काकूंनी दार उघडलं. पायऱ्यांवर अठरा जण.

"पाच म्हणाली होतीस ना?"

"काकू, तुकडे जरा बारीक करा."

खण जमिनीवर उपडा झाला. सगळ्या पट्ट्या सारख्याच. मग भांडणं, हसणं, ओढाओढी. "ही माझी! हिच्यावर माझ्या दातांच्या खुणा आहेत!" टकळी प्रत्येकीशी, प्रत्येकाशी इतकी बोलली की संध्याकाळी तिचा घसा बसला. दुपारीच तिने शिडीला, आपण तिला मनात 'शिडी' म्हणतो हे आणि उशीखालच्या पेटीचं गुपितही सांगून टाकलं.

सगळे गेल्यावर तिने सोमवारसाठी उशीखाली हात घातला. पेटी गायब! हाताला लागली ती एक चिठ्ठी: "पेटी नेली आहे. परत करताना काय बोलायचं ते मला येत नाही. सोमवारी शिकव." खाली सहीच्या जागी एक छोटीशी शिडी काढली होती.

टकळीने ताबडतोब फोन लावला. "आत्या! माझी कंपासपेटी गेली!"

"अगं मग एवढी रडतेस कशाला? दुसरी घे."

"रडत नाहीये गं," बसलेल्या घशातून टकळी किंचाळली, "सांगतेय!"