लहानाला पाव गोळी

माणूस औषधाने बरा होत नाही, बरे वाटू लागल्याने होतो. हे सत्य चाकणच्या एका कारखान्यातले क्वालिटी इन्स्पेक्टर ज्ञानदेव यांना स्वतःच्या न्यूमोनियात गवसले. डॉक्टरांनी अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करायला सांगितला होता. ताप उतरताच ज्ञानदेवांनी कोर्स थांबवला आणि उरलेल्या गोळ्या दापोडीच्या घरी फ्रिजवर ठेवल्या. (चांगल्या गोळ्या टाकवत नाहीत.)

कंपनीत ते केसभर फरकाचा पार्टही परत पाठवत. 'अंदाजे' म्हणणाऱ्या ऑपरेटरकडे तर असे बघत, की त्याला रजाच टाकावीशी वाटे. घरचे मोजमाप मात्र सुटसुटीत होते: मोठ्याला एक, लहानाला पाव, पाहुण्याला विचारून.

त्यामुळे बालवाडीतला नातू गणराज तापाने फणफणला, तेव्हा ते डगमगले नाहीत.

"अहो, डॉक्टरला दाखवू या," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"डॉक्टर तरी काय वेगळं देणार? हीच देईल," असे म्हणून त्यांनी गोळी बोटांनी मोडली आणि मधात कालवून नातवाला चाटवली. दुसऱ्या दिवशी अंग थोडे निवले. आजोबांनी नातवाला पास केले.

संध्याकाळी सून मंजुषा माणच्या ऑफिसातून परतली. गणराजचा श्वास भराभर चालला होता, दर श्वासाला बरगड्या आत ओढल्या जात होत्या, पाण्याचा घोटही जात नव्हता. तिने काही न विचारता त्याला उचलले. सांगवीच्या दवाखान्यापर्यंत रिक्षात ज्ञानदेव त्या बरगड्यांकडेच बघत राहिले. इतक्या बारकाईने त्यांनी एकही पार्ट तपासला नव्हता.

"औषध किती दिलंत?" डॉक्टर दिपालींनी विचारले.

"पाव."

"किती मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव?"

ज्ञानदेवांनी खिसा चाचपला; गोळ्यांची पट्टी फ्रिजवरच राहिली होती.

"बाळाचं वजन?"

"अंदाजे..." ते बोलून गेले, आणि स्वतःकडे कसे बघावे हे त्यांना कळेना.

"आजोबा, मुलांचा डोस वजनावर ठरतो. त्यात कोणाला कोणतं औषध, हे आधी तपासून ठरवायचं. मात्रा कमी पडली तर जंतू मरत नाहीत, नुसते सरावतात."

गणराजला ऑक्सिजन लागला, सलाईन लागले. तो वाचला. मंजुषा सासऱ्यांवर ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "बाबा, तुम्ही प्रेमानंच दिलंत. म्हणून तर भीती वाटते."

ज्ञानदेवांना हे जिव्हारी लागले. त्यांनी सोसायटीत रीतसर भाषण केले. 'मी स्वतः एक रिजेक्ट माल आहे,' अशी सुरुवात केली. लोक खूप हसले, खूप टाळ्या वाजल्या, सर्वांना सर्व पटले. जिन्यात शेजारच्या सुमनताईंनी गाठलेच, "भाऊ, डोळे उघडलेत हो! आमच्या ह्यांना कालपासून कफ झालाय. त्या गोळीचं नाव तेवढं सांगा, आणि मोठ्या माणसाला किती द्यायची?"

प्रस्तुत कथेत गोळीचे नाव व मात्रा कोठेही दिलेली नाही. हे ज्या वाचकांच्या आधीच लक्षात आले होते, त्यांनी कृपया आपले वजन करून घ्यावे व डॉक्टरांकडे जावे.